सातव्या पानावरचं प्रश्नचिन्ह

माझ्या शोधनिबंधाच्या सातव्या पानावर, उजव्या समासात, एक प्रश्नचिन्ह आहे. पेन्सिलीचं, उंची चार मिलिमीटर. पेन्सिल कडक होती आणि हात हलका, त्यामुळे पान सरळ धरलं तर ते दिसत नाही. खिडकीकडे तिरकं धरलं की दिसतं. खालचं टिंब वरच्या रेषेपेक्षा ठळक आहे, कारण तिथे पेन्सिल थोडा वेळ टेकून राहिली होती.

ते मीच काढलं, २००५ च्या सप्टेंबरात. पुढची आठ वर्षं ते खोडलं नाही आणि शाईने गिरवलंही नाही.

ज्या ओळीसमोर ते आहे, ती ओळ ‘हे स्पष्ट आहे की’ अशी सुरू होते. निबंध इंग्रजीत आहे, पण स्वतःशी वाचताना मी तो मराठीतच वाचते. मराठीत ती ओळ जास्त निर्धास्त वाटते.

निबंध छापला गेला २००३ साली. राज्य नवीन होतं. रायपूर राजधानी झाली होती आणि शहरातल्या पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती. रेल्वेचं डिव्हिजन आलं, म्हणून माझे यजमान शालिग्राम बिलासपूरहून बदलून इथे आले, आम्ही चौबे कॉलोनीत घर घेतलं. आमच्या कॉलेजात गणिताचा पदव्युत्तर विभाग निघाला. विभागाला निबंध हवे होते आणि माझ्याकडे एक होता. त्यावर मला बढती मिळाली. दाराबाहेर पाटी लागली: डॉ. पद्मिनी खानझोडे.

माझा विषय टोपोलॉजी. आकारांचा अभ्यास, पण लांबी-रुंदी न मोजता. कशाला काय चिकटलेलं आहे एवढंच पाहायचं. कागदाच्या दोन कडा चिकटवल्या की नळी होते, तसं. आधी चिकटवून मग दुसऱ्या आकाराशी गुणाकार करा, किंवा आधी गुणाकार करून मग चिकटवा, उत्तर एकच येणार असं मन म्हणतं. बहुतेक वेळा येतंही. नेहमी येत नाही. ते कुठे येत नाही याचं एक जुनं उदाहरण आहे, परिमेय संख्यांचं. दर वर्षी ते मी एम.एस्सी.ला शिकवते. २००५ मध्ये तेच फळ्यावर लिहिताना माझा हात थांबला. माझ्या तिसऱ्या लेम्यात, म्हणजे मुख्य सिद्धांताआधी सिद्ध केलेल्या छोट्या विधानात, मी नेमकं हेच गृहीत धरलं होतं. तिथे ते वेष पालटून बसलं होतं, एवढाच फरक. मी तास पूर्ण केला, विभागाच्या कपाटातली निबंधाची प्रत काढली आणि समासात ती खूण केली.

नियतकालिकाला चूक कळवणारं पत्र मी दोनदा लिहिलं. पहिलं खात्री करण्यासाठी ठेवलं. दुसरं का ठेवलं ते आता सांगता येत नाही. आधार एवढाच होता की तो निबंध कोणी वाचत नव्हतं.

मग दीक्षाने वाचला.

दीक्षा मेश्राम माझी विद्यार्थिनी. वडील हरिदास सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात भट्टीवर, आई शेवंता घरी शिवणकाम करते. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण मुलगी रायपूरलगतच्या बीरगावात वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. वर्गात ती कमी बोलायची आणि विचारायची तेव्हा नेमकं विचारायची. पीएच.डी.ला माझ्याकडेच आली. त्या वर्षी आईच्या आजारपणामुळे मी तीन महिने नागपुरात होते. परत आले तेव्हा तिने विभागाच्या कपाटातून माझा निबंध काढून झेरॉक्स केला होता आणि त्या तिसऱ्या लेम्यावर स्वतःचा सिद्धांत उभा केला होता. अकरा पानं, टाइप करून.

झेरॉक्समध्ये पेन्सिलीची खूण उतरली नव्हती. मी आधी तेच पाहिलं.

“दुसरा एखादा विषय पाहू या का?” मी विचारलं होतं.

“क्यों मॅडम? अच्छा नहीं है?”

“चांगला आहे. पण...”

“तो यही करूँगी,” ती म्हणाली. पुन्हा एकदा सुचवलं तेव्हा ती हसली. तिला वाटलं मी तिची चिकाटी तपासते आहे.

२०१३ च्या जानेवारीत तिने पोलंडमधल्या एका आंतरराष्ट्रीय टोपोलॉजी परिषदेला अर्ज केला. ज्या गावांतून सहसा कोणी येत नाही अशा ठिकाणच्या नव्या गणितज्ञांना ती परिषद तिकीट, राहायची जागा आणि बोलायला वीस मिनिटं देते. मार्गदर्शकाचं पत्र लागत होतं. जगभरातून बारा जण घेणार होते. तिचा नंबर लागणार नाही असं गृहीत धरून मी सही केली.

गृहीत धरण्याची ही माझी दुसरी वेळ.

दोन मेला निवडीचा मेल आला. विभागप्रमुख दयाराम साहू सरांनी पेढे मागवले. “मॅडम, अब आप फॉरेन रिटर्न की गुरु हो गईं,” ते म्हणाले, “हमको पहचानोगी कि नहीं?” सगळे हसले, मीही. पेढा तोंडात ठेवला. तो विरघळला नाही. तोंड कोरडं पडलं होतं.

सहा मेला दुसरा मेल आला. प्रत्येक नव्या वक्त्याला एक ज्येष्ठ श्रोता नेमून दिला होता. तो निबंध आधी वाचणार, पहिल्या रांगेत बसणार, व्याख्यानानंतर पहिला प्रश्न विचारणार. नव्या लोकांना आधार वाटावा म्हणून ही पद्धत आहे, असं त्यात लिहिलं होतं. दीक्षाचे श्रोते प्रागचे एक वयस्क प्राध्यापक होते. चिकटवलेल्या आकारांचे गुणाकार कधी बिघडतात, यावर त्यांनी तीस वर्षं घालवली होती. त्यांचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. माझी चूक त्यांना सापडायला दहा मिनिटं लागली असती. कदाचित दहाही नाही.

मेल वाचल्यावर मी मनगटावर बोटं ठेवली. नाडी मिनिटाला शंभरावर चार होती, आणि मी खुर्चीत बसलेली होते.

त्यानंतर मला एकच चित्र दिसू लागलं. परक्या देशातलं सभागृह, दीक्षाने शिवून घेतलेला नवा सलवार कमीज, हातात खडू. पहिल्या रांगेतला म्हातारा माणूस सभ्यपणे हात वर करतो आणि विचारतो, हे स्पष्ट कसं? ती म्हणते, खानझोडे मॅडमच्या निबंधात आहे. मग शांतता. त्या शांततेत ती एकटी उभी. चित्र इथे थांबायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. भाजी चिरताना, पेपर तपासताना, दात घासताना.

“काय वं,” शालिग्राम एकदा जेवताना म्हणाले, “वरणात मीठ दोनदा टाकलं तू. तुही पोट्टी पोलंडले चालली का तू चालली?”

“तीच चालली.”

“मंग काहून भिऊन राहिली? विमान तिले चालवाचं नाही.”

मी सांगणार होते. ‘अहो, मी आठ वर्षांपूर्वी...’ एवढं तोंडापर्यंत आलं. त्यांनी ताटात पाणी ओतून हात धुतले, आणि मी भांडी उचलली.

सांगितलं तर काय होईल याची यादी माझ्या मनात तयार होती. बढती जिच्यावर मिळाली ती गोष्ट खोटी. पत्रावर सही केली तेव्हा मला ठाऊक होतं, हेही बाहेर येणार. चुकणं वेगळं आणि चूक झाकणं वेगळं. पहिल्याला आमच्या धंद्यात लोक क्षमा करतात. आणि दीक्षा? दोन वर्षांचं काम तिच्या हातातून मी काढून घेणार, तेही तिची निवड झाल्यावर.

तरी त्या आठवड्यात मी वही काढली आणि बसले. एक अट घातली, दुसरा आकार पुरेसा नीटस असावा अशी, तर तिच्या अकरा पानांतली सहा टिकत होती. उरलेली पाच कोसळत होती. ती का कोसळतात हे परिमेय संख्यांच्या उदाहरणाने दाखवता येत होतं, आणि ते दाखवणं हेच एक चांगलं व्याख्यान झालं असतं. मी वही मिटून पर्समध्ये ठेवली. रोज कॉलेजात नेली आणि रोज तशीच परत आणली.

अकरा मेला रिक्षातून बीरगावच्या बाजूला गेले होते. चौकात विजेच्या खांबाला फ्लेक्स बांधला होता. दीक्षाचा पासपोर्टसाठी काढलेला फोटो, मोठा करून, मागे विमान. ‘बीरगांव की बेटी चली विदेश’. खाली हात जोडलेल्या सात-आठ जणांचे फोटो. आणि त्यांच्या वर, जरा ठळक अक्षरात: ‘मार्गदर्शक – डॉ. पद्मिनी खानझोडे मैडम’.

रिक्षावाला म्हणाला, “दीदी, उतरना है क्या इधर?”

“नहीं,” मी म्हणाले. “आगे चलो.”

तेरा मेला विभागात सरावाचं व्याख्यान झालं. बाहेरगावी बोलायला जाणाऱ्याने आधी आपल्या लोकांसमोर बोलून दाखवायचं, ही आमच्या विभागाची रीत; मीच सुरू केलेली. समोर साहू सर, आणखी तीन प्राध्यापक, काही विद्यार्थी, चहा. पंखा पूर्ण वेगात होता आणि वारा गरम. दीक्षा चांगलं बोलत होती. इंग्रजी सावकाश, अक्षर सरळ. माझ्या सातव्या पानावरचा भाग आला. तिने लेमा फळ्यावर लिहिला, खाली ‘स्पष्ट आहे’ असे शब्द लिहिले, आणि खडू फळ्यावर टेकवून थांबली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण मनात मोजलं. नऊ सेकंद.

मग तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. पुढे जा, अशी.

ती पुढे गेली. शेवटी साहू सरांनी टाळ्या वाजवल्या. “किसी को कुछ पूछना है?” कोणाला काही विचारायचं नव्हतं. त्या खोलीत विचारण्यासारखं ज्या एका व्यक्तीकडे होतं, ती चहाचा कप बशीत नीट मधोमध ठेवत होती.

येण्याचं पक्कं करण्याची मुदत पंधरा मेची होती. पोलंडचे दुपारचे बारा, म्हणजे आपले साडेतीन. व्याख्यानाच्या सारांशात काही बदल असेल तर तोही त्याच वेळेपर्यंत कळवायचा होता. चौदाला संध्याकाळी मी विचारलं, पक्कं केलंस का? ती म्हणाली, “कल कर दूँगी मॅडम.”

पंधराला दुपारी दीडला हरिदासचा फोन आला.

“मॅडम, घरी येता का जरा? पोट्टी कालपासून जेवून नाही राहिली. नाही जात म्हणते.”

“काय झालं?”

“आमाले का समजते त्यातलं? तुमीच पुसा नं.”

उन्हात रिक्षा मिळायला वेळ लागला. बीरगावला पोचले तेव्हा अडीच होऊन गेले होते. सिलतऱ्याच्या धुराने त्या भागातल्या भिंती, पानं, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर राखाडी थर असतो. फ्लेक्सवरही चार दिवसांत बसला होता. दीक्षाच्या चेहऱ्यावर, माझ्या नावावर.

हरिदास दारातच होते. रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. “या मॅडम. जय भीम.” शेवंताने शिलाई मशीन बाजूला सरकवून खुर्ची ठेवली, पाण्याचा पेला दिला. मशीनवर निळ्या रंगाचा नवा सलवार कमीज होता, एक बाही लावायची राहिलेली. मी नजर दुसरीकडे वळवली. सभागृहाच्या चित्रात मी तो पांढरा पाहिला होता.

दीक्षा पलंगावर बसली होती. मांडीवर विभागाचा लॅपटॉप, त्याला डोंगल, डोंगलचा हिरवा दिवा उघडमीट करत होता. पडद्यावर लिहून तयार असलेला मेल मला खुर्चीतून दिसत होता. चार ओळी. वैयक्तिक कारणामुळे येऊ शकत नाही. आभार.

“काय झालं दीक्षा?”

“मॅडम, मैं उस लायक नहीं हूँ.”

“असं कोण म्हणालं?”

“कोई नहीं बोला.” तिने झेरॉक्स उचलला. सातवं पान वर होतं. कडा हाताळून मऊ झालेल्या. “ये जगह. आपने लिखा है, स्पष्ट है. मुझे स्पष्ट नहीं होता. छह महीने से नहीं हो रहा. आपने ही क्लास में वो परिमेय वाला पढ़ाया था, तो मुझे लगता है यहाँ भी वैसा ही बिगड़ेगा. लेकिन आपने लिखा है तो कुछ तो होगा जो मैं नहीं देख पा रही.” तिचा आवाज बारीक झाला. “उस दिन बोर्ड के पास आपकी तरफ देखा, तो आपने सिर हिलाया. आपको इतना साफ दिखता है. वहाँ कोई पूछेगा तो मैं क्या बोलूँगी? आपका नाम खराब होगा.”

शेवंता म्हणाली, “मॅडमचं नाव, मॅडमचं नाव, हेच चालू आहे दोन दिवसापासून. अवं, मॅडमले काही नाही होत!”

“तू गप,” हरिदास तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “तिले जमत नसन तं राहू द्या मॅडम. फ्लेक्स काढून टाकू. चार दिवस हासतीन लोक, का होते? मी भट्टीवर काम करतो, मले माहीत आहे, जिथं भेव लागते तिथं मानसानं हात घालू नये. पन तुमी म्हनान तसं.”

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून सहा मिनिटं झाली होती.

सुटकेचं दार उघडं होतं, आणि मला ते अगदी स्पष्ट दिसलं. मला काहीच करायचं नव्हतं. तिने एक बटण दाबलं असतं की प्रागच्या त्या प्राध्यापकांना निबंध गेलाच नसता. सभागृह राहिलं नसतं, शांतता राहिली नसती. पुढच्या वर्षी मी तिला दुसरा विषय दिला असता, आणि तिने तो निमूट घेतला असता, कारण आपल्याला टोपोलॉजी झेपत नाही हे तिने मान्य केलं असतं. सातव्या पानावरची खूण आणखी पुसट झाली असती. सगळे सुरक्षित. मी तर फारच.

आणि ती बरोबर होती. सहा महिने ती एकटी बरोबर होती, आणि मी मान हलवली होती.

“भेजूँ मॅडम?” तिने विचारलं. बोट बटणावर होतं. नखाशी खडूची पूड होती. तिने घरीही फळा केला असणार. पलंगामागे पाहिलं तर खरंच होता, दाराच्या फळीला काळा रंग लावलेला, आणि त्यावर परिमेय संख्यांची रेषा, पूर्णांकांशी लहान लहान गोल. उदाहरण जवळजवळ पूर्ण होतं. शेवटची ओळ तिने लिहिली नव्हती. लिहिण्याची हिंमत केली नव्हती.

मी पर्स उघडली. चेन दोनदा अडकली. वही काढली आणि मांडीवर ठेवली. नाडी मोजली नाही. शेवंताने दिलेलं पाणी प्यायले, पेला खाली ठेवला. हरिदास माझ्याकडे पाहत होते. त्यांना वाटत होतं की मी त्यांच्या मुलीबद्दल काही सांगणार आहे.

“दीक्षा, तो मेल पुसून टाक,” मी म्हणाले. “तुझ्यात काही कमी नाही. सातव्या पानावर मी लिहिलंय ते स्पष्ट नाही, ते चूक आहे, आणि मले ते आठ वर्षांपासून माहीत आहे. तू पोलंडले जा, अन् फळ्यावर पहिली ओळ हीच लिही, की खानझोडेचा तिसरा लेमा खोटा आहे.”